पाळीत अचानक मोठा ताप, उलट्या, चक्कर? अंगावर काढू नका! ‘टॉक्सिक शॉक’ म्हणजे काय, समजून घ्या

पुणे : जुन्नर, इंदापूर, भोर, वेल्हे... जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी, पोलीस भरतीच्या तयारीसाठी पुण्यात येतात. हॉस्टेलवर, रूमवर राहतात. मैत्रिणींचं बघून किंवा मोबाईलवर व्हिडिओ पाहून काही जणी पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरायला लागतात. पळताना, पोहताना ते सोयीचं पडतं, त्यात चूक काही नाही. पण ही साधनं वापरताना एका आजाराची माहिती असायलाच हवी. त्याचं नाव टॉक्सिक शॉक सिंड्रोम. आजार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर एका दिवसात धडधाकट मुलगी आयसीयूत पोहोचू शकते.

हा आजार होतो कसा?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा एक जिवाणू आहे. गळू, केसतोड होतात ते बऱ्याचदा याच्याचमुळे. अनेक निरोगी माणसांच्या नाकात, त्वचेवर तो असतो आणि काही त्रास देत नाही. मात्र त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. पाळीचं रक्त शोषणारी वस्तू योनीमार्गात बराच वेळ राहिली, तर तिथे या जिवाणूला वाढायला आणि विष तयार करायला पोषक वातावरण मिळतं. हे विष रक्तात उतरलं की खरा धोका सुरू होतो.

सोपं उदाहरण घ्या. गावात एका घरात चोर शिरला, तर चार जण काठ्या घेऊन जातात आणि त्याला पकडतात. पण कुणी सगळ्या गावाला एकदम उठवलं आणि अंधारात जो तो काठी चालवायला लागला, तर चोर राहील बाजूला, गावकरीच एकमेकांना जखमी करतील. हे विष शरीरात तसंच करतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी एकाच वेळी प्रचंड संख्येने भडकतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, ब्लडप्रेशर कोसळतं. मग किडनी, लिव्हर, फुप्फुसं यांना रक्त कमी पडतं.

बहुतेक मोठ्या माणसांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिकारशक्ती आधीच तयार झालेली असते. कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये ती नसण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांना धोकाही जास्त.

जगाला हे कळलं कसं?

१९७८ साली अमेरिकेत जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञाने सात मुलामुलींच्या आजाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, तिथे पाळीशी संबंधित ८१३ रुग्ण नोंदले गेले आणि ३८ जणी दगावल्या. जास्त शोषणारे टॅम्पॉन आणि हा आजार यांचा संबंध तेव्हा उघड झाला. ‘रेलाय’ नावाचा टॅम्पॉन कंपनीने सप्टेंबर १९८० मध्ये बाजारातून मागे घेतला. त्यानंतर रुग्ण खूप कमी झाले. आज पाश्चात्त्य देशांत वर्षाला दर एक लाख महिलांमागे साधारण एक, इतकंच प्रमाण आहे. कप वापरणाऱ्यांमध्येही हा आजार झाल्याची मोजकी उदाहरणं आहेत.

लक्षणं कोणती?

पाळी सुरू असताना किंवा नुकतीच संपल्यावर अचानक :

• १०२ अंशांच्या वर ताप, थंडी
• उलट्या, पातळ जुलाब
• उन्हाने भाजल्यासारखी लाल झालेली त्वचा
• उभं राहिलं की चक्कर, डोळ्यापुढे अंधारी
• अंग प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं
• बडबड, गोंधळल्यासारखं वागणं, लघवी कमी होणं

एक-दोन आठवड्यांनी तळहात आणि तळपायाची साल निघते. पण त्याची वाट बघत बसू नका, तोवर फार उशीर झालेला असतो.

खरी अडचण इथे आहे

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हटलं की आपण म्हणतो, “व्हायरल असेल, नाहीतर डेंग्यू.” पुरळ आणि प्लेटलेट कमी होणं डेंग्यूतही असतं. उलट्या-जुलाब झाले की म्हणतो, “बाहेरचं खाल्लं असेल.” मुलगी पाळीबद्दल बोलत नाही, आई डॉक्टरसमोर लाजते, वडील केबिनबाहेर थांबतात. “अडचण आहे” एवढं सांगायलाही जीभ रेटत नाही. मग टॅम्पॉन किंवा कप आत तसाच राहतो आणि सलाईन सुरू असतानाही विष तयार होतच राहतं.

म्हणून ताई, एवढं एक वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा : “माझी पाळी चालू आहे आणि मी कप (किंवा टॅम्पॉन) वापरते.” मुलगी शुद्धीवर नसेल, तर सोबतच्या मैत्रिणीने किंवा आईने सांगा. या एका वाक्यावर जीव वाचू शकतो.

आयसीयूत काय करतात?

सगळ्यात आधी आतली वस्तू काढतात. मग भरपूर सलाईन, जिवाणू मारणारी आणि विष बनणं रोखणारी अँटिबायोटिक्स, गरज पडली तर ब्लडप्रेशर वाढवणारं औषध. श्वासाला त्रास असेल तर ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर, किडनी थांबली तर काही दिवस डायलिसिस. वेळेत पोहोचलेल्या बहुतेक मुली बऱ्या होतात.

वापरताना एवढं पाळा

• हात साबणाने धुऊनच कप किंवा टॅम्पॉन लावा आणि काढा.
• टॅम्पॉन ४ ते ८ तासांत बदला. गरजेपेक्षा जास्त शोषणारा घेऊ नका.
• कप पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. त्याआधीच रिकामा करून धुतलेला बरा. दोन पाळ्यांच्या मध्ये उकळून ठेवा.
• रात्री झोपताना पॅड वापरणं जास्त सुरक्षित.
• कापूस किंवा कापडाचा बोळा आत कधीच ठेवू नका.
• एसटीचा लांबचा प्रवास असेल, स्वच्छ बाथरूम मिळेल की नाही खात्री नसेल, तर त्या दिवशी पॅडच लावा.
• हा आजार एकदा झाला असेल, तर पुन्हा टॅम्पॉन किंवा कप वापरू नका.

पॅड, कापड वापरणाऱ्यांनी घाबरायचं का?

नाही. बाहेरून लावायच्या पॅडमुळे किंवा कापडामुळे हा धोका जवळजवळ नसतो. कापड मात्र साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. हा आजार पाळीशिवायही होऊ शकतो, जसं भाजल्यावर, ऑपरेशनच्या जखमेतून किंवा बाळंतपणानंतर. तेव्हाही हीच लक्षणं दिसली तर थांबू नका.

तातडीच्या वेळी

कप किंवा टॅम्पॉन आत असेल तर लगेच काढा. मेडिकलमधून तापाची गोळी आणून सकाळपर्यंत वाट बघू नका. १०८ वर फोन करा, ॲम्ब्युलन्स मोफत असते. आयसीयूची गरज वाटली तर डॉक्टर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात पाठवतील. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काही मदत मिळते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरात, हॉस्टेलवर शिकणाऱ्या मुली असतील तर त्यांना ही बातमी नक्की पाठवा. आणि बाबांनीही वाचा. रात्री गाडी काढायची वेळ आली, तर दवाखान्यात काय सांगायचं हे तुम्हालाही माहीत हवं.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)