भीमथडी घोड्यांतील रक्तसंबंधाचे मोजमाप

कार्ल्याजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे तुळापूर येथे भीमेस मिळते. भीमेच्या थडीवर, म्हणजे काठच्या मुलखात, वाढलेले घोडे ते भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात यांचा मोठा लौकिक होता. (कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांच्या माथ्यावरही घोडेस्वार कोरलेले आहेत, पण ते घोडे भीमथडीच होते असे म्हणण्यास आधार नाही.) आता हा घोडा मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ च्या आरंभी त्यास स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तथापि नोंदणी झाली म्हणजे जात वाचली, असे नव्हे.

पुष्कळ नर लहानपणीच खच्ची केले जातात व वाड्यातील सर्व घोड्या एकाच घोड्यास दाखविल्या जातात. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो आणि मादी शिंगरू दोन वर्षांचे होण्याच्या सुमारास माजावर येते. म्हणजे नवा घोडा आणल्यापासून तिसऱ्या वर्षीच त्याची लेक त्याच्यापुढे येते. अशा संबंधातून झालेल्या पैदाशीस अंतःप्रजनन म्हणतात. प्रत्येक जनावरात काही दोष दबलेले असतात. तोच दोष आई व बाप या दोघांकडूनही आला म्हणजे तो शिंगरात उघड होतो. शिंगरे दुबळी निपजणे, घोड्या गाभण न राहणे, हे परिणाम हळूहळू दिसू लागतात.

हे मोजण्याची रीत सेवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली घालून दिली. बाप व लेक यांच्या शिंगरात १०० पैकी सुमारे २५ जनुकजोड्या एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेल्या असतात. सावत्र भावंडांच्या शिंगरात साडेबारा. परंतु या हिशेबास वंशावळ लागते, आणि वाड्यावर ती कोणी लिहून ठेवीत नाही. येथे जनुकांची तपासणी उपयोगी पडते. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. जोडीतील दोन्ही सूत्रांवर लांबच लांब भाग हुबेहूब एकसारखा आढळला, तर आईबापांचा पूर्वज एकच होता असे समजावे. असे भाग जितके लांब, तितका तो पूर्वज जवळच्या पिढीतला. अशा सर्व भागांची बेरीज म्हणजे त्या जनावराचे अंतःप्रजनन. वंशावळ नसली तरी घोड्याच्या अंगातच ती लिहिलेली असते.

मात्र आकडा लहान आला म्हणून हुरळून जाऊ नये. बाहेरच्या जातीचा उंच घोडा आणून संकर केला तरीही हा आकडा खाली येतो. पण मग भीमथडीचे भीमथडीपणच उरत नाही. म्हणून नवे रक्त आणावयाचे ते याच जातीच्या दुसऱ्या वाड्यातून.

प्रयोगशाळा दूर असली तरी एक हिशेब ग्रामसेवकास वहीवर करता येईल. नर व माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्यास ४ ने गुणावे आणि दोहोंच्या बेरजेने भागावे. एक घोडा व ३० घोड्या असल्यास उत्तर सुमारे ४ येते. म्हणजे दिसावयास ३१ जनावरे, पण रक्ताच्या दृष्टीने चारच. अशा कळपात दर पिढीस अंतःप्रजनन सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. त्याच ३० घोड्यांस पाच घोडे ठेवले तर उत्तर १७ येते व वाढ ३ टक्क्यांवर उतरते. दर पिढीस १ टक्क्याहून अधिक वाढ होऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. एका वाड्याने पाच घोडे पाळणे परवडणारे नाही, हे खरे. परंतु पाच वाड्यांनी आपापले घोडे दर तीन वर्षांनी आळीपाळीने बदलण्यास पैसा लागत नाही.

तपासणीसाठी रक्तच काढावे लागते असे नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-पंचवीस केस मुळासकट उपटावेत. कापलेले केस निरुपयोगी, कारण तपासणीस मुळाशी असलेला भागच लागतो. ते कोरड्या कागदी पाकिटात ठेवून वर जनावराचे वर्णन, वय, गाव व ठाऊक असल्यास आईबाप लिहावेत आणि पाकीट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत केसांस ओल धरते, तेव्हा ती वापरू नये.