पुस्तकांतल्या बायका आणि आपण

‘तुला बरा वेळ मिळतो गं वाचायला!’ हे वाक्य ऐकलं नाही अशी वाचणारी गृहिणी विरळाच. त्यात कौतुक कमी आणि टोमणा जास्त असतो. तोच वेळ दुसरीनं टी.व्ही.वरच्या मालिकेत घालवला तर कुणी काही म्हणत नाही. पण बाईच्या हातात पुस्तक दिसलं, की घरातलं काहीतरी काम राहिलं असणारच, अशी सगळ्यांची खात्री!

मी काही समीक्षक नव्हे. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला घर सांभाळते आणि आठवड्यातून काही तास शाळेत मराठी शिकवते. पुस्तक हवं असेल तर गेवराई-बीडची फेरी, नाहीतर पुण्याच्या बहिणीला फोन. त्यामुळे या वर्षी वाचली ती बहुतेक जुनीच, पण अजूनही हातोहात फिरणारी पुस्तकं. त्यांच्याविषयी एका साध्या वाचकाची ही मतं. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रमाबाईंसाठी रडताना

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. साठ वर्षांहून जास्त काळ घराघरांत बायका ती वाचताहेत. माधवराव पेशवे राजयक्ष्म्यानं झिजत जातात, १७७२ साली थेऊरला त्यांचा अंत होतो आणि रमाबाई सती जातात. वय जेमतेम सत्तावीस वर्षांचं, आणि मागं मूल नाही. डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय पुस्तक मिटतच नाही. माझंही आलं.

पण डोळे पुसल्यावर एक गोष्ट खटकली. शेवट इतका सुंदर सजवलाय, की चितेवर चढणारी ती एक तरुण मुलगी आहे, याचाच विसर पडतो. दोघांचं प्रेम खरं मानलं, तरी रमाबाई जगल्या असत्या तर ते कमी ठरलं असतं का? कादंबरी हा प्रश्न आपल्याला पडूच देत नाही. वाचावी जरूर, भाषा आणि वातावरण तर फारच देखणं. फक्त मुलींच्या हातात देताना शेवटाबद्दल त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत.

आणि ‘स्वामी’ झाल्यावर माधवी देसाई यांचं ‘नाच गं घुमा’ अवश्य वाचा. भालजी पेंढारकरांची ही मुलगी. पहिल्या पतीच्या निधनानंतर रणजित देसाईंशी लग्न झालं, पण तो संसारही टिकला नाही. मोठ्या लेखकाच्या घरातली बाई कशी जगते, ते त्यांनी स्वतः लिहिलंय. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली, की कादंबरीतला संसार आणि घरातला संसार यांतलं अंतर कुणी समजावून सांगायला लागत नाही.

देवयानीचं काय चुकलं?

खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची. १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलंच. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात, ही रचना मला फार आवडली. पण वाचकाची सगळी माया शर्मिष्ठेकडे जावी, असंच लेखकानं योजलेलं दिसतं. शर्मिष्ठा सोसते म्हणून थोर, आणि देवयानी मागते म्हणून अहंकारी!

आमच्या शेजारच्या काकूंशी यावरून माझा चांगलाच वाद झाला. त्या म्हणाल्या, “बाईनं थोडं पडतं घ्यावं गं.” मी म्हटलं, “काकू, नवऱ्यानं फसवलं तर तुम्ही काय केलं असतं?” काकू गप्प बसल्या, मग हसून म्हणाल्या, “माहेरी गेले असते.” देवयानीनंही तेच केलं ना! वडिलांनाच सांगितलं. फरक एवढाच, की तिचे वडील शुक्राचार्य होते.

‘मृत्युंजय’बद्दल थोडक्यात सांगते. शिवाजी सावंतांचा कर्ण मनात घर करतो यात शंका नाही. पण नऊ भागांच्या त्या मोठ्या ग्रंथात वृषालीच्या वाट्याला एकच भाग येतो, आणि विशेषणांचं ओझं मधूनमधून जड होतं.

आपलं आपण लिहिणाऱ्या

यंदा मला खरा आनंद दिला तो आत्मचरित्रांनी. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) वाचताना, अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबद्दल त्याच्या बायकोनं इतकं स्पष्ट लिहावं, याचं धाडस वाटलं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६) मात्र अंगावर येतं. फलटणला दुकान सांभाळत त्या लिहीत, आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवत. गावकुसाबाहेरच्या बायकांचे हाल त्यांनी सांगितलेत. जातीनं केलेले आहेतच, शिवाय घरातल्यांनी सुनांचे केलेलेही. काही पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत.

पण सगळ्यांत आवडलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. वडिलांचं सोवळ्याचं वेड, अकराव्या वर्षी लग्न, पुढं १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हाची ताटातूट, हे सगळं ही बाई हसत हसत सांगते. ना कुठं गळा काढणं, ना कुठं मोठेपणा.

एका आईचा प्रश्न

यातली काही पानं मी वर्गात वाचून दाखवली. मुली खुदुखुदू हसल्या. चार दिवसांनी एका मुलीची आई भेटली. मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. मी अठरा वर्षांच्या कायद्याचं काढताच ती म्हणाली, “तुमच्या पुस्तकातल्या बाईचं बी लगीन अकराव्या वर्षीच झालतं ना, मॅडम? शिकलीच की मग!”

तिला दोष देणं सोपं आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर उचल. वयात आलेली पोर मागं कुणाकडं ठेवायची, या घोरातच पुष्कळ लग्नं उरकली जातात.

मी तिला एवढंच म्हटलं, “लक्ष्मीबाईंना अक्षरं शिकवणारा नवरा मिळाला, म्हणून त्यांचं पुस्तक झालं. ज्यांना तसा मिळाला नाही, त्यांनी पुस्तक लिहिलंच नाही. त्यांचं काय झालं, हे आपल्याला कोण सांगणार?” ती काही बोलली नाही. बोलणी अजून पुढं सरकलेली नाहीत आणि मुलगी शाळेत येते आहे. त्याचं श्रेय मी घेत नाही. पण तेव्हापासून पुस्तक वाचून दाखवताना, त्यात न आलेल्या बायकांबद्दलही मी बोलते.

पुस्तकांची भिशी

आता एक उपयोगी गोष्ट. आम्ही सहाजणींनी पुस्तकांची भिशी सुरू केली आहे. महिन्याला प्रत्येकी पन्नास रुपये. जिचा नंबर लागेल तिनं आपल्या पसंतीचं पुस्तक आणायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटी ते तिच्याच घरी राहायचं. नियम दोनच: पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, आणि परत देताना त्यातली न आवडलेली एक गोष्ट सांगायची. ‘छान आहे’ म्हणून सुटका नाही!

सुरुवात कुठून करावी असं विचाराल, तर ‘स्मृतिचित्रे’ घ्या. दुपारी घरात मोठ्यानं वाचा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा सासूबाईही कान देऊन ऐकतात, आणि मग त्यांच्या स्वतःच्या आठवणी निघतात. त्या मात्र वहीत लिहून ठेवा, कारण त्या दुसरीकडे कुठं वाचायला मिळणार नाहीत.