तारीख नसलेला सल्ला

४ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातला कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराचा पहिला बाधित डोंबिवलीत सापडल्याचे आरोग्य विभागाने जाहीर केले. हा प्रवासी दक्षिण आफ्रिकेहून आला होता. त्या निवेदनात लक्षणे सौम्य असल्याचे आणि संपर्कातल्यांचा शोध घेतल्याचे सांगितले होते. हा विषाणू पुढे किती घातक ठरेल, यावर मात्र छातीठोक दावा नव्हता. तो असणे शक्यही नव्हते, कारण जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन हे नाव दिले २६ नोव्हेंबरला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी. खरी माहिती बहुधा अशी अर्धवट असते. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे काढ्याचे संदेश मात्र कधीच अर्धवट नसतात. त्यांना तारीख नसते, लेखक नसतो, शंका तर नसतेच. आरोग्यविषयक मजकूर वाचताना मी आधी हेच तपासेन: कोणी लिहिले, केव्हा, कशाच्या आधारे, आणि शेवटी काय विकायचे आहे?

यावर कोणी म्हणेल, अधिकृत संस्थाही चुकतात. खरेच आहे. धडधाकट लोकांना मास्कची गरज नाही, असे सुरुवातीला सांगणाऱ्या याच संघटनेने ५ जून २०२० रोजी गर्दीत कापडी मास्क वापरण्याचा सल्ला दिला. पण तो बदल तारखेसह आणि कारणांसह नोंदला गेला, म्हणून आज त्यावर बोट ठेवता येते. काढ्याच्या संदेशातली चूक शोधायची कुठे आणि जाब विचारायचा कोणाला? भाषेची अडचण मात्र खरी आहे. भरवशाचे बरेचसे लेखन इंग्रजीत आहे, आणि ठाणे-कल्याणच्या लोकलमध्ये हाती येतो तो मराठीतला फॉरवर्ड.