स्टेम सेलनं ऑटिझम बरा होतो का? पैसे भरण्याआधी मोबाईलवर हे तपासा

परवा रात्री अमरावतीच्या मावसबहिणीनं मला अकोल्याला एक रील पाठवली. खाली मेसेज: "दादा, हे खरं आहे का? वावर इकावं लागलं तरी चालन." तिच्या चार वर्षांच्या पोराला ऑटिझम आहे. रीलमध्ये एक मुलगा स्टेम सेलच्या इंजेक्शननंतर "आई" म्हणतो.

मित्रांनो, स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात. हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी रक्त बनवतात, म्हणून ब्लड कॅन्सर, थॅलेसेमियात त्या खरंच कामी येतात. ऑटिझमसाठी अनेकदा कमरेच्या हाडातून मगज काढून त्यातल्या पेशी पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडतात. पण ऑटिझममध्ये मेंदूची घडणच वेगळी असते. मोबाईलसारखा बदलायला खराब पार्ट नसतो. वर लहान लेकराला भूल, सुई, इन्फेक्शनचा धोका आलाच.

मग रीलमधला मुलगा बोलला कसा? मूल वाढतच असतं, सोबत स्पीच थेरपीही चालू असते. हे वेगळं काढायला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं 2 ते 7 वर्षांच्या 180 मुलांवर चाचणी घेतली. काहींना नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, काहींना नुसतं द्रावण. कुणाला काय, हे आईबापांनाही माहीत नव्हतं. 2020 मध्ये निकाल आला: लोकांत मिसळण्याच्या मुख्य मोजमापात ठोस फरक नाही.

भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं 2022 मध्येच ऑटिझमसाठी याची शिफारस नाकारली. पुढे मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टच्या याचिकेवर 30 जानेवारी 2026 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मंजूर चाचणीबाहेर हा उपचार देता येणार नाही.

आता "आमची चाचणीच आहे" म्हणणारे भेटतील. त्यांना सीटीआरआय नंबर मागा आणि सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन वर टाकून पाहा. नोंदणी म्हणजे मंजुरी नाही, म्हणून त्याच पानावर एथिक्स कमिटी आणि डीसीजीआयची परवानगी वाचा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे घेत नसतात. कुणी "पॅकेज" म्हटलं की समजून जा!

बहिणीला म्हटलं, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सोडू नको. इर्विनमध्ये चौकशी कर, निरामय विम्याचा फॉर्म भर, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो.

"मंग रील डिलीट करू?"

"आधी रिपोर्ट कर."