प्रबंधाचा कागद

विद्यापीठात कागदाच्या काटकसरीचा विषय निघाला की विभागांना परिपत्रके धाडली जातात. वस्तुतः या खर्चाचे मूळ व्यक्तीच्या सवयीपेक्षा नियमांत अधिक आहे. पीएच.डी.चा प्रबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय.

प्रबंध कागदाच्या एकाच बाजूस व दुहेरी अंतराने उतरवावा, हा संकेत टंकलेखन यंत्राच्या काळातला. अक्षरांचा ठसा मागे उमटे, म्हणून पाठीमागची बाजू कोरी ठेवावी लागे. ओळींमधील मोकळी जागा हाताने दुरुस्त्या करण्यास उपयोगी पडे. यंत्र गेले, तरी अनेक ठिकाणी संकेत उरला.

दर चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे ए-४ आकाराचे पान ५ ग्रॅमचे असते. ३०० पृष्ठांच्या प्रबंधाच्या, एकाच बाजूस छापलेल्या पाच प्रतींना १५०० पाने, म्हणजे साडेसात किलो कागद लागतो. पाठपोट छपाईने तो निम्म्यावर येतो. अंतर दुपटीऐवजी दीडपट ठेवल्यास उरलेल्यातीलही सुमारे चतुर्थांश वाचतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात अशा प्रती जतन होतात. परीक्षकांकडेही संगणकीय प्रत धाडता येते. तथापि ग्रंथालयात एक छापील प्रत असावीच. संगणकीय प्रत वाचण्यास यंत्र व आज्ञावली लागते, चांगल्या कागदास केवळ वाचक पुरतो. उरलेल्या चार प्रती मात्र नियमातील एक ओळ बदलून टाळता येतात.