उतरताना काय होतं, ते तिसऱ्या थराला विचारा

बदलापुरात गोविंदांचा सराव रात्री उशिराच रंगतो, कारण थर लावायला आधी माणसं परत यावी लागतात. कुणी उल्हासनगरात जीन्स शिवून येतो, कुणी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली पाळी संपवून, कुणी दादरहून लोकलला लोंबकळत. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की गोकुळाष्टमीपर्यंत हाच क्रम. मैदानावर ओल्या मातीत दुखण्यावरच्या स्प्रेचा उग्र वास मिसळलेला असतो.

बघ्यांच्या नजरा सगळ्यात वरच्या एक्क्यावर खिळलेल्या. पाहायला हवा तो मात्र खालून तिसऱ्या थरावरचा गडी. खांद्याला चिकटपट्टी, पायांखाली दुसऱ्याचे खांदे, कानाशी वरच्याची पोटरी. वर काय चाललंय हे त्याला दिसत नाही. अंगावर येणाऱ्या वजनावरून आणि थरथरीवरून तो ते ओळखतो.

त्याच्याकडे लक्ष जाण्याचं कारण एक आकडा: छत्तीस. मुंबईच्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये २०१२ साली दहीहंडीतल्या दुखापतींचा अभ्यास छापून आला. त्यात १२४ जखमींची नोंद होती, त्यांतल्या ४६ दुखापती गंभीर. आणि या ४६ पैकी ३६ थर उतरताना झालेल्या! भाषणं, बंदोबस्त, कोर्टातले वाद, सगळं उंचीभोवती फिरत राहिलं आणि हाडं मोडत होती ती परतीच्या वाटेवर.

अभ्यास मोलाचाच आहे. पण छत्तीस हा आकडा ‘केव्हा’ एवढंच सांगतो. ‘का’ ते तिसऱ्या थराला ठाऊक असतं. चढताना शिटी असते, शिस्त असते, प्रत्येकाचा श्वास मोजलेला असतो. हंडी फुटली की ढोल सुरू, पाण्याचे फवारे सुरू, पायाच्या पोरांचे गुडघे भरून आलेले, वरच्याला खाली यायची घाई. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो. डॉक्टरांचा कागद अपघात विभागाच्या दारात सुरू होतो, तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. शिवाय जो उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची पायरी न चढता थेट हाडवैद्याकडे जातो, किंवा पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो, तो त्या कागदावर येतच नाही.

म्हणूनच रुग्णांना आणि खेळाडूंना संशोधनात बरोबरीनं घ्यायचा आग्रह पटतो. ब्रिटनमध्ये यासाठी १९९६ पासून सरकारी पाठबळाची वेगळी यंत्रणा उभी राहिली. अभ्यास कशाचा करायचा, काय मोजायचं, निष्कर्ष कुणाला कसे सांगायचे, हे ज्याचं दुखतं त्याच्यासोबत बसून ठरवायचं. आपल्याकडे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो. चांगलंच आहे ते, पण त्याच्यापुढे येतो तो तयार आराखडा. प्रश्न आधीच ठरलेला असतो.

महाराष्ट्राला ही रीत अनोळखी नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावं, असं उत्तर आलं. मग दवाखाना आदिवासी घरांच्या वळणाचा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं.

मानवी मनोरे रचणारा दुसरा मुलूख म्हणजे स्पेनमधला कातालोनिया. तिथे २००६ साली मातारो गावच्या पथकातली एक मुलगी पडून दगावली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी खास मऊ शिरस्त्राण आलं, आणि ते घडवण्यात मनोरे रचणाऱ्यांच्या संघटनेचाही हात होता. वरच्याचं डोकं वाचावं आणि ते आदळलं तरी खालच्याला इजा होऊ नये, ही दुहेरी गरज खांद्यावर माणूस उभा केलेल्यालाच चटकन उमगते. आणखी एक गोष्ट आपण उचलावी अशी. मनोरा चढला पण उतरताना कोसळला, तर तिथे त्याचं मोल कमी धरतात. नीट उतरवणं हा तिथे कौशल्याचाच भाग आहे.

महाराष्ट्रात २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, मृत्यू झाल्यास दहा लाखांची मदतही जाहीर झाली. ही मदत हवीच. पण ती पडल्यानंतरची आहे. तिसऱ्या थराचे प्रश्न पडण्याआधीचे असतात: निखळलेला खांदा किती दिवसांनी पुन्हा भार घेऊ शकेल? उतरण्याचा सराव चढण्याइतका वेळ का घेत नाही? फवारे दोन मिनिटं थांबले, तर छत्तीसचे किती होतील? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पथकांपाशी दरवर्षी सरावाचे कितीतरी आठवडे असतात. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयानं पुढच्या गुरुपौर्णिमेला कोरा कागद घेऊन तिथे यावं, प्रश्नावली मैदानावरच लिहावी आणि पहिला प्रश्न त्या चिकटपट्टीवाल्याला सुचवू द्यावा.