गर्दीतला एकांत

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास भाईंदरची खाडी ओलांडणाऱ्या विरार लोकलमध्ये रमजानच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. दाटीवाटीत उभा असलेला कुणी मोबाइलवर वेळ पाहतो, खिशातून खजुराची पुडी काढतो, आधी शेजाऱ्यांपुढे धरतो आणि मग स्वतः रोजा सोडतो. कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. पलीकडे भजनी मंडळाचे टाळ चाललेले असतात, कुणाच्या फोनवर क्रिकेटचे समालोचन असते, दारात उतरणाऱ्यांची रेटारेटी असते. या सगळ्यात त्या रोजेदाराला दोन क्षण डोळे मिटून दुआ मागायची असते.

प्रवाशाला नमाज आखूड करण्याची आणि रोजा पुढे ढकलण्याची सवलत इस्लामी शास्त्रात आहे. पण हनफी मतानुसार त्यासाठी सुमारे ७८ किलोमीटर दूर जावे लागते आणि चर्चगेट-विरार अंतर आहे ६० किलोमीटर. म्हणजे वसई-विरारकराची रोजची दगदग कितीही मोठी असली, तरी ती शास्त्राच्या हिशेबात सफर ठरत नाही. त्यातून मगरिबच्या नमाजची वेळ पाचही नमाजांत आखूड, जेमतेम सव्वा तासाची. ईश्वराचे स्मरण त्याला या धावपळीतच साधावे लागते.

मन एकाग्र करायचे तर जग सोडून कुठेतरी शांत जागी जायला हवे, असा एक समज सगळ्याच धर्मांच्या माणसांत आढळतो. कुरआनचा रोख मात्र वेगळा दिसतो. सूरह जुमामध्ये सांगितले आहे की, शुक्रवारच्या नमाजची हाक आली की खरेदी-विक्री थांबवून स्मरणाकडे या. आणि नमाज आटोपली की पुन्हा आपापल्या मार्गाने पांगा, रोजी शोधा आणि ती शोधतानाही ईश्वराला आठवत राहा. बाजार बंद ठेवण्याचा दिवसभराचा हुकूम नाही. थांबायचे ते नमाजपुरते. पुढचे स्मरण बाजारातच करायचे आहे.

सूरह नूरच्या ३७व्या आयतीत तर व्यापार-उदीम करूनही ज्यांना त्या व्यवहाराने ईश्वराचा विसर पडत नाही, अशा माणसांचा गौरवाने उल्लेख येतो. सोपाऱ्यासारख्या जुन्या बंदराच्या भूमीत, जिथे अरब व्यापाऱ्यांची गलबते लागत, तिथे या आयतीचा अर्थ लावायला फार लांब जावे लागत नाही. वजनाचा काटा, मालाचा सांगितलेला दर्जा, उधारीची वही या जागी स्मरण टिकले की नाही, ते कळते. जपमाळ हातात आणि बोट तराजूच्या पारड्यावर, असे असेल तर माळेचे मणी मोजून उपयोग काय?

तरीही मन भटकतेच. नमाजला उभे राहिल्यावर घराचा हप्ता, मुलाची परीक्षा, दुकानातला राहिलेला माल, सगळे एकदम आठवू लागते. अनेकांना वाटते की आपलीच श्रद्धा कमी पडते. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नमाजमध्ये असताना आपण मनातल्या मनात सैन्याची जुळवाजुळव करतो, असे दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी म्हटल्याची नोंद बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनातही राज्यकारभार शिरत होता.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी माणसाचे मन ओळखून काही सोप्या वाटा सांगितल्या. जेवण समोर वाढलेले असेल आणि नमाजची वेळ झाली, तर आधी जेवून घ्या. लक्ष वेधणारा नक्षीदार पडदा समोर नको. आणि सगळ्यांत बोलकी हदीस लहान मुलाची आहे. नमाज लांबवण्याचे मनात असताना मागून एखाद्या तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले, तर त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित नमाज आटोपती घेत. म्हणजे अडथळ्यांचे दोन प्रकार झाले. पडदा बाजूला करता येतो, मूल करता येत नाही. मुलाच्या रडण्याकडे लक्ष देणे हा त्या इबादतीचाच भाग झाला. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे औषधपाणी पाहताना जिची तरावीह चुकते, त्या सुनेने ही हदीस मनाशी धरावी.

आजचा नक्षीदार पडदा म्हणजे हातातला मोबाइल. किब्ल्याची दिशा, अजानची वेळ, कुरआनचे पठण सगळे त्यात आहे. आणि त्याच पडद्यावर गटांचे संदेश, रील आणि सेलच्या जाहिराती. आयत वाचायला उघडलेला फोन अर्ध्या तासाने भलत्याच ठिकाणी सापडतो. त्याला शिव्या घालून भागणार नाही. सहेरी ते फजर आणि इफ्तारच्या आधीची दहा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पठणासाठी छापील प्रत हाती घ्यावी. एवढ्या साध्या शिस्तीनेही फरक पडतो.

सुफींच्या नक्शबंदी परंपरेने या विषयाचा फार खोल विचार केला. बाराव्या शतकात बुखाराजवळच्या गिजदुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक यांच्या नावाने या पंथाची आठ सूत्रे सांगितली जातात. त्यांतले एक ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे मैफलीत असूनही एकांतात असणे. दुसरे ‘नजर बर कदम’, चालताना नजर आपल्या पावलांवर असणे. तिसरे ‘बाज गश्त’, म्हणजे परतणे. मन जाईल तिथून त्याला परत आणायचे. मन कधी भटकूच नये, असे इथे कुणी म्हणत नाही. परतण्याची सवय लावा, एवढेच सांगणे आहे.

या विचाराची एक खूण महाराष्ट्रातच आहे. औरंगजेबाच्या काळात गिजदुवानहून आलेले नक्शबंदी सुफी बाबा शाह मुसाफिर औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात स्थायिक झाले. त्यांच्या दर्ग्याच्या आवारातली पाणचक्की आजही लोक पाहायला जातात. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळाने आणून त्यावर जाते फिरवले जाई आणि खानकाहमधल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. जिथे जिक्र चाले तिथेच दळणही चाले.

मराठी मातीला ही गोष्ट अनोळखी नाही. संत नामदेवांनी पतंग उडवणाऱ्या मुलाचा दाखला दिला आहे. तो सवंगड्यांशी बोलत असतो, पण चित्त दोरीपाशी असते. २०२५ साली २ मार्चला पहिला रोजा झाला आणि ५ मार्चला वसईतल्या ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार आला. दोन शेजारी आपापल्या उपवासात होते. एकाचा कायदा दुसऱ्याहून निराळा आहे; पण भुकेने आठवण करून द्यावी, ही अपेक्षा दोघांचीही आहे.

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत काहीजण मशिदीत एतिकाफला बसतात, घर-दुकान सोडून पूर्ण एकांतात. हनफी शास्त्र म्हणते की, मोहल्ल्यातला एकजण बसला तरी सगळ्यांचे कर्तव्य पार पडते. बाकीच्यांनी मग कुठे असावे? कामावर, रुग्णालयात, स्वयंपाकघरात, रिक्षाच्या हँडलवर. त्यांचा एकांत त्यांना तिथेच शोधायचा आहे.

वसईत पापडीचा आठवडे बाजार नेमका शुक्रवारी भरतो. जुम्म्याची नमाज संपते तेव्हा बाजार अजून उठलेला नसतो. गिऱ्हाईक उभे असते. विक्रेता टोपी नीट करतो, काटा शून्यावर आणतो आणि पुढचे वजन करायला घेतो.